पगार थोडा, आकाश मोठं!

मागच्या शुक्रवारी माझी रूममेट रात्री साडेदहाला घरी आली आणि थेट किचनच्या ओट्यावर चढून बसली. या कॉलमच्या नेहमीच्या वाचकांना आमचा ओटा माहीत आहे. ब्रेकअप झालं की ओटा, घरमालकाने डिपॉझिट वाढवलं की ओटा. म्हणजे मामला सीरियस! मी मुकाट्याने चहाचं आधण ठेवलं. तिने बॅगेतून दोन पानं काढून माझ्या हातात दिली. "वाच."

तिच्या कंपनीच्या दोन्ही फाउंडर्सच्या सहीचं पत्र होतं. भाषा इतकी गोड, की वाचता वाचता आपणच त्यांना पैसे काढून द्यावेत. कंपनी आता 'पुढच्या टप्प्यात' जातेय, दोन नव्या शहरांत ऑफिसं उघडायचीत, आपण सगळे एक फॅमिली आहोत, तेव्हा प्रत्येकाने थोडा हातभार लावायचा. हा 'थोडा हातभार' म्हणजे पुढचे अठरा महिने पगारात वीस टक्के कपात! बदल्यात काय, तर कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क. आपले ते सुप्रसिद्ध ईसॉप्स. सही करायला मुदत एक आठवडा.

"काय करू गं?"

आता मला विचारून काय उपयोग? मी पडले फ्रीलान्सर. मला पगारच नाही, तर कुणी कापणार काय! पण तिचा चेहरा बघून जोक गिळला. धाकट्या भावाची इंजिनीअरिंगची फी ती भरते. वीस टक्के म्हणजे दर महिन्याला जवळपास त्या फीइतकीच रक्कम. आणि त्याच वेळी डोक्यात हेही चालू असणार, की उद्या ही कंपनी खरंच मोठी झाली आणि आपण सही केली नव्हती असं निघालं, तर जन्मभर चुटपुट लागेल.

तेवढ्यात आमच्या बिल्डिंगवरून एक विमान गेलं. अंधेरीत राहिलं की दर काही मिनिटांनी बोलणं थांबवावं लागतंच. त्या गॅपमध्ये मला दादा आठवला.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे. कुठल्याशा शहरात हॉटेलच्या खोलीवर झोपायच्या तयारीत होता. पत्र वाचून दाखवलं, तर हसायलाच लागला. "अगं, हे पत्र आमच्या धंद्यात पिढ्यानपिढ्या फिरतंय. पगार थोडा सोड, कंपनी मोठी होऊ दे, मग तूही मोठा होशील. अमेरिकेतल्या पायलटांनी तर यावर अनेकदा मतदान केलंय. कुणाचं भलं झालं, कुणाच्या हातात नुसता कागद राहिला. तिला म्हणावं, सही करण्याआधी ते सगळं बघ."

तर दोस्तहो, शनिवार-रविवार आम्ही दोघींनी पिक्चर कॅन्सल केला आणि पायलटांच्या पगारांचा अभ्यास केला. मास कॉमची डिग्री कधीतरी कामाला यावी ना!

ग्रोथ म्हणजे डावी खुर्ची

पहिला प्रश्न मला पडला तो हा, की कंपनीच्या ग्रोथशी पायलटला एवढं देणंघेणं का? आपण काय करतो? कंपनी आवडली नाही की सीव्ही अपडेट करतो, तीस टक्के हाइक घेतो आणि दुसरीकडे जातो. पायलटला हे एवढं सोपं नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइन्समध्ये सगळा खेळ सीनिऑरिटीचा. कंपनीत लागलात की तुम्हाला एक नंबर मिळतो. कुठलं विमान उडवायचं, कुठल्या शहरात राहायचं, दिवाळीला, म्हणजे त्यांच्या ख्रिसमसला, सुट्टी मिळणार की नाही, सगळं त्या नंबरवर. आणि कंपनी बदलली की नंबर सगळ्यात खाली, पगार पहिल्या वर्षाचा. वीस वर्षांचा अनुभव असो नाहीतर पंचवीस. त्यामुळे माणूस एका कंपनीशी जणू लग्नच लावतो.

कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर. पगारातलं अंतर भलंमोठं. उजवीकडून डावीकडे सरकायचं, तर दोनच मार्ग. वरचा कुणी रिटायर झाला पाहिजे, नाहीतर कंपनीने नवी विमानं घेतली पाहिजेत. एक विमान आठवडाभर सकाळ-संध्याकाळ उडतं, त्यामुळे त्या एका विमानाला साधारण दहा-बारा पायलट लागतात. त्यातले निम्मे कॅप्टन. म्हणजे कंपनीने पन्नास विमानं घेतली, तर अडीचशे-तीनशे डाव्या खुर्च्या तयार! आपल्याकडे 'ग्रोथ' हा शब्द टाउनहॉलच्या स्लाइडवर असतो. पायलटला ती खुर्ची डोळ्यांसमोर दिसत असते.

पण आता त्याच कॉकपिटमध्ये डावीकडे बघा. अठ्ठावन्न वर्षांचा कॅप्टन बसलाय. अमेरिकेत डिसेंबर २००७ पर्यंत एअरलाइन पायलटला साठाव्या वर्षी घरी जावं लागायचं (नंतर ते पासष्ट झालं). डावी खुर्ची याला आधीच मिळालीय. नवी विमानं आली काय, नाही आली काय, त्याला काय फरक पडतो? उलट जुन्या मोठ्या कंपन्यांत पेन्शन शेवटच्या काही वर्षांच्या पगारावर ठरायची. आत्ता पगार कापला, की पुढची पेन्शनही कापली.

म्हणजे विमान एक, पत्र एक, पण डावीकडून वाचलं तर तोटा आणि उजवीकडून वाचलं तर प्रमोशन!

ज्यांनी किंमत मोजली, ते मतदानाला नव्हते

पहिली गोष्ट अमेरिकन एअरलाइन्सची. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानसेवेवरची सरकारी बंधनं उठली. स्वस्तातल्या नव्या कंपन्या आल्या, तिकिटं उतरली आणि जुन्या कंपन्यांना आपले पायलट महाग वाटायला लागले. अमेरिकनचे तेव्हाचे अध्यक्ष होते रॉबर्ट क्रँडॉल. त्यांनी १९८३ मध्ये काढलेली आयडिया डोकेबाज होती. आत्ताच्या पायलटांचा पगार कापायचाच नाही! जे यापुढे नोकरीला लागतील, त्यांच्यासाठी वेगळी, खालची पगारश्रेणी ठेवायची. बी-स्केल. स्वस्त पायलट मिळाले की विमानं वाढवता येतात, आणि विमानं वाढली की आत्ताचे पायलट पटापट कॅप्टन होतात.

करार झाला आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकन खरंच झपाट्याने वाढली. ज्यांनी 'हो' म्हटलं, त्यांना खुर्च्या मिळाल्या. किंमत मोजली ती जे अजून नोकरीला लागलेच नव्हते त्यांनी, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पुढे हे बी-स्केलवाले काही वर्षांत इतके झाले, की युनियनमध्ये त्यांचा आवाज वाढला. काम तेच, विमान तेच, मग पगार वेगळा का? पुढच्या करारांत ही दरी हळूहळू बुजवावी लागली.

इथे रूममेट थबकली. "आमच्याकडे नवीन जॉइन झालेल्यांना आधीच कमी पॅकेज देतायत."

तिला हे आजवर कधी खटकलं नव्हतं. मलाही खटकलं नसतं.

याच कंपनीचा दुसरा किस्सा २००३ सालचा. कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती. तीन युनियन्सनी मिळून वर्षाला सुमारे १.६ अब्ज डॉलर्सच्या सवलतींना होकार दिला. त्यात एकट्या पायलटांचा वाटा सुमारे ६६ कोटी डॉलर्सचा. आणि नेमकं तेव्हाच बाहेर आलं, की वरच्या साहेब लोकांना कंपनीत टिकून राहावं म्हणून बोनस ठरलेत आणि त्यांच्या पेन्शनचे पैसे वेगळ्या ट्रस्टमध्ये सुरक्षित ठेवलेत. खाली कात्री, वर छत्री! इतका गदारोळ झाला, की सीईओ डॉन कार्टी यांना त्याच एप्रिलमध्ये राजीनामा द्यावा लागला.

मालक झालो, पण...

आता युनायटेड. ही गोष्ट ईसॉप्सवाल्यांनी जरा लक्ष देऊन वाचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला युनायटेड तोट्यात होती. जुलै १९९४ मध्ये एक ऐतिहासिक करार झाला. पायलट, मेकॅनिक आणि इतर बरेच कर्मचारी पगार कमी करून घेतील आणि बदल्यात त्यांना कंपनीचे तब्बल ५५ टक्के शेअर मिळतील. पायलटांनी पंधरा टक्क्यांहून जास्त कपात घेतली, तीही जवळपास सहा वर्षांसाठी. संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी बसले. पश्चिम किनाऱ्यावर साउथवेस्टशी टक्कर द्यायला त्याच वर्षी 'शटल बाय युनायटेड' ही स्वस्त सेवाही सुरू झाली. केबिन क्रू मात्र या सगळ्यापासून लांब राहिला. त्यांनी शेअरही घेतले नाहीत आणि कपातही.

सुरुवातीला सगळं झक्कास! १९९७ मध्ये शेअर शंभर डॉलर्सच्या आसपास गेला. कागदावर पायलट श्रीमंत. पण एक मेख होती. शेअर ट्रस्टमध्ये होते आणि नोकरी सोडेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत विकता येत नव्हते. भाव दिसायचा, पैसा मिळायचा नाही.

मग सहा वर्षं संपली. २००० च्या उन्हाळ्यात नव्या करारावरून बोलणी फिसकटली आणि पायलटांनी ओव्हरटाइम करायचं बंद केलं. हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या. मालक आणि कामगार एकच, तरी भांडण तेच! शेवटी घसघशीत वाढ मिळाली. पण पुढच्याच वर्षी ११ सप्टेंबर झालं, आणि डिसेंबर २००२ मध्ये युनायटेडने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर शेअर एका डॉलरच्या आसपास येऊन पोचला होता. त्यानंतर पुन्हा पगारकपात झाली आणि २००५ मध्ये पेन्शन योजना मोडीत निघाली. २००६ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली, तेव्हा जुने शेअर रद्द झाले. किंमत शून्य.

विचार करा. नोकरी त्याच कंपनीत, बचत त्याच कंपनीत, पेन्शनही त्याच कंपनीवर अवलंबून. कंपनी पडली तेव्हा हे सगळं एकदम गेलं.

हे वाचून झाल्यावर रूममेटने ओट्यावरून उतरून पत्राचं दुसरं पान पुन्हा वाचलं. तिचे ईसॉप्स तर ट्रस्टमध्येही नाहीत. कंपनी लिस्टेड नाही, म्हणजे बाजारात भावच नाही. आपल्याकडे किमान एक वर्ष गेल्याशिवाय हक्क पक्का होत नाही. हक्क वापरून शेअर घेतलाच, तर खरी किंमत आणि आपण दिलेली किंमत यातल्या फरकावर पगारासारखा टॅक्स लागतो. काही पात्र स्टार्टअप्सना तो पुढे ढकलता येतो, एवढंच.

ज्यांनी गोठवला आणि जिंकले

थांबा, लगेच पत्र फाडू नका. तिसरी गोष्ट बाकी आहे.

साउथवेस्ट एअरलाइन्स. १९९४ च्या शेवटी इथल्या पायलटांपुढे दहा वर्षांचा करार आला आणि १९९५ च्या सुरुवातीला तो पक्का झाला. पहिली पाच वर्षं पगारवाढ नाही. बदल्यात स्टॉक ऑप्शन्स. ऐकायला युनायटेडसारखंच ना? पण फरक बघा. एक तर साउथवेस्ट तेव्हा बुडत नव्हती, नफ्यात होती. १९७३ पासून २०१९ पर्यंत एकाही वर्षी तिने तोटा दाखवला नाही. दुसरं, इथे आहे तो पगार कापला नव्हता, वाढ थांबवली होती. घरचं बजेट कोसळत नव्हतं. तिसरं, ऑप्शन्स वापरून शेअर विकता येत होते. आणि चौथं मला सगळ्यात आवडलं. कंपनीचे प्रमुख हर्ब केलेहर यांनी आपला स्वतःचा पगारही पाच वर्षं गोठवला!

कंपनी वाढली, शेअर वाढला. २००१ नंतर बाकीच्या मोठ्या कंपन्या पायलटांना घरी बसवत होत्या, तेव्हा साउथवेस्टने कुणालाही काढलं नाही. इथे पगार सोडून ग्रोथ घेण्याचा सौदा खरंच फायद्याचा ठरला.

आणि 'नाही' म्हटलं तर?

रविवारी रात्री दादाचा फोन आला. मी तोऱ्यात म्हटलं, "कळलं मला. बुडत्या कंपनीला पगार द्यायचा नाही." तो दोन सेकंद गप्प बसला. मग म्हणाला, "आणि जेट?"

आपल्या मुंबईत त्या निळ्या-पिवळ्या विमानांचं कोण कौतुक होतं! जेट एअरवेज मे १९९३ मध्ये उडायला लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांपुढे २५ टक्क्यांपर्यंत पगारकपातीचा प्रस्ताव ठेवला. पायलटांनी ठाम नकार दिला आणि कंपनीने प्रस्ताव मागे घेतला. पायलट जिंकले? पगार कापला गेला नाही, पण तो वेळेवर येईना, नंतर येईचना. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईकडे निघालं. ते उतरल्यावर हजारो लोकांची नोकरी गेली, थकलेला पगार अडकला. कंपनी पुन्हा उभी करायचे प्रयत्न झाले, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती विकून टाकण्याचाच आदेश दिला.

पायलटांनी ती कपात घेतली असती तर जेट वाचली असती? कर्जाचा डोंगर बघता मला तरी वाटत नाही. पण 'नाही' म्हटल्याने आपण सेफ होतो, हा माझा फंडा मात्र तिथेच गार झाला. पायलटला पगार ठरवता येतो, कर्ज किती काढायचं ते ठरवता येत नाही.

पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर

तर आम्ही काय केलं? पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार प्रश्न लिहिले.

१. अठरा महिन्यांनंतर पगार आपोआप पूर्ववत होणार का? तारीख लेखी द्याल?
२. नवी ऑफिसं उघडली नाहीत, तर कापलेले पैसे परत मिळणार का?
३. फाउंडर्सचा पगार किती टक्के कापला जातोय?
४. मी नोकरी सोडली, तर ईसॉप्सचं काय? घ्यायला किती दिवस मिळतील?

सोमवारी तिने ही मेल एचआरला टाकली. हात थरथरत होते म्हणे. 'टीम प्लेयर' नाही असा शिक्का बसण्याची भीती काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. पण कँटीनमध्ये विषय निघाला, तेव्हा कळलं की हेच प्रश्न आणखी सहा-सात जणांच्या मनात होते. त्यांनीही मेल टाकल्या.

बुधवारी उत्तर आलं. पगार पूर्ववत होण्याची तारीख लेखी मिळेल. फाउंडर्स स्वतः तीस टक्के कमी घेतायत, हे पत्रात लिहायचं राहिलं होतं (इतकी महत्त्वाची गोष्ट राहते कशी, देव जाणे!). पैसे परत मिळणार नाहीत. नोकरी सोडली तर ईसॉप्स घ्यायला नव्वद दिवस. आणि ज्याला वीस टक्के झेपत नाही, त्याला दहाचा पर्याय, ईसॉप्सही निम्मे. ज्याला तेही नको, त्याचा पगार आहे तसा राहील.

गुरुवारी तिने दहावर सही केली. भावाला फोन करून सांगितलं, की हॉस्टेलच्या मेसऐवजी बाहेर जेवायचे लाड अठरा महिने बंद. तो म्हणाला, "ताई, मी तसंही ट्यूशन्स घ्यायचं बघत होतो." फोन ठेवून ती थोडी रडली. मी चहा ठेवला.

तिच्या शेजारच्या डेस्कवरचे सर एक्केचाळीस वर्षांचे आहेत. दोन मुलं, घराचा हप्ता, आईचं डायलिसिस. त्यांनी सही केली नाही. शांतपणे दुसरी नोकरी बघतायत. तिला आधी वाटलं, सरांनी साथ सोडली. मग तिला ते कॉकपिट आठवलं. सत्तावीस वर्षांची ती उजव्या खुर्चीत आहे. कंपनी वाढली तर तिला टीम लीड व्हायचंय, वाट बघायला वेळ आहे. सर डाव्या खुर्चीत आहेत. दोघांना पत्र एकच आलं होतं.

तिचा निर्णय बरोबर की चूक, ते अठरा महिन्यांनी कळेल. तेव्हा ओट्यावरून रिपोर्ट देईनच.

ता.क. : काल दुसऱ्या एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, आपण पुढच्या महिन्यापासून पानं वाढवतोय. खूप ग्रोथ आहे. फक्त सुरुवातीला मानधन थोडं..." मी अगदी गोड आवाजात विचारलं, "सर, तुमचं किती टक्के कमी होतंय?"

रेंज गेली बहुतेक. अजून परत फोन आलेला नाही.